भूमिपुत्र नसलेलं बेट

‘भूमिपुत्र’ हा शब्द आपल्या राजकारणात खणखणीत चालतो. मॉरिशसमध्ये तो चालणार नाही. १५९८ साली डच खलाशी त्या बेटावर उतरले तेव्हा तिथे डोडो होते, राक्षसी कासवं होती, एबनीची दाट जंगलं होती, माणूस नव्हता. अरबांना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज जहाजं येऊन गेली होती, पण वस्ती कुणीच केली नव्हती. म्हणजे आज त्या देशात राहणाऱ्या सव्वाबारा लाखांहून अधिक माणसांचे पूर्वज झाडून सगळे जहाजातून उतरलेले. कुणी कप्तानाच्या शेजारून ऐटीत उतरला, कुणी तळातल्या कोठडीतून साखळीसकट, तर कुणी पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून.

अशा देशात ‘आधी कोण आलं’ यावरून भांडण व्हायला नको. पण १९९८ च्या नोव्हेंबरात ते झालं, आणि तेही चलनी नोटांवरून. मॉरिशसच्या रुपयाच्या नोटेवर इंग्रजीनंतर तामिळ आणि त्याखाली हिंदी असा क्रम असे. नव्या नोटा आल्या त्यात हिंदी वर सरकली, तामिळ खाली गेली. तामिळ समाज खवळला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमचे लोक फ्रेंचांच्या अमदानीत पुदुच्चेरीकडून आले, भोजपुरी मुलखातले लोक त्यानंतर शंभर वर्षांनी. आमचा क्रम आधीचा. शेवटी मध्यवर्ती बँकेला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट वाटते. पण नोटेवरच्या दोन ओळींच्या उंचीवरून एवढा संताप का होतो, हे शोधायला गेलं की त्या देशाच्या जनगणनेच्या तक्त्यापाशी येऊन थांबावं लागतं. माझं म्हणणं असं आहे की मॉरिशसमध्ये जहाजांनी माणसं आणली. त्यांचे ‘समाज’ घडले ते उतरल्यावर, कारकुनाच्या वहीत. त्या वहीतलं १९७२ सालचं पान तिथल्या संसदेत अजूनही वापरलं जातं. ते आता निकालात काढायला हवं. मात्र ते काढताना मोजणीच नको म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही.

आधी माणसं कशी आली ते पाहू. डचांनी १६३८ मध्ये वसाहत मांडली, जावाहून ऊस आणि हरणं आणली, मादागास्करहून गुलाम आणले, आणि १७१० मध्ये कंटाळून बेट सोडून दिलं. ऊस मात्र राहिला, आणि पुढच्या तीनशे वर्षांत माणसं कुठून आणायची हे त्यानेच ठरवलं. १७२१ पासून फ्रेंच स्थायिक झाले. १७३५ मध्ये आलेल्या ला बुर्दोने या गव्हर्नरने पोर्ट लुई बंदर उभारलं. त्यासाठी मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून हजारो गुलाम आले. भारतातूनही आले, पुदुच्चेरीचे स्वतंत्र कारागीर आणि त्यांच्याबरोबर विकत घेतलेले गुलामसुद्धा. आपल्याकडे मॉरिशसला ‘छोटा भारत’ म्हणून कौतुक करणाऱ्यांच्या भाषणात हे भारतीय गुलाम कधी येत नाहीत. ते मिसळून गेले, ख्रिस्ती झाले, क्रिओल झाले, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी गुलामांच्या वंशजांच्या मिश्र समाजात जमा झाले. कुठल्याच अभिमानाच्या कामाचे उरले नाहीत.

१८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकलं. त्यांच्या फौजेत मुंबई, मद्रास आणि बंगालकडचे शिपाई होते. पण जिंकताना इंग्रजांनी फ्रेंच मळेवाल्यांना त्यांची जमीन, कायदे, धर्म आणि भाषा राखू दिली. त्यामुळे ही वसाहत नावाची ब्रिटिश राहिली. झेंडा लंडनचा, मळा फ्रेंचांचा. आजही संसदेचं आणि परीक्षेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि घरातलं बोलणं फ्रेंचमधून घडलेल्या क्रिओल भाषेत, अशी तिथली वाटणी आहे. २०११ च्या जनगणनेत घरात क्रिओल बोलणारे ८६ टक्क्यांहून अधिक होते, भोजपुरी पाच टक्क्यांच्या आसपास.

एक मजेदार धागा सहसा सुटतो. १८१५ पासून पुढची वीसेक वर्षं बंगाल आणि मुंबई इलाख्यातले काळ्या पाण्याचे कैदी मॉरिशसला पाठवले जात. अंदमानच्या कितीतरी आधी. त्यांनी तिथले रस्ते केले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईत थांबला होता. त्याने या कैद्यांना पाहिलं आणि भारतीय माणसं इतकी रुबाबदार दिसत असतील अशी आपल्याला कल्पना नव्हती, असं लिहून ठेवलं. त्या रुबाबदार कैद्यांत मुंबई इलाख्यातले किती मराठी असतील, आणि त्यांचे वंशज आज कुठल्या रकान्यात बसले असतील!

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. साठ-पासष्ट हजार माणसं मोकळी झाली. ब्रिटिश सरकारने सुमारे वीस लाख पौंड भरपाई दिली, ती मालकांना. मोकळ्या झालेल्यांना आणखी चार वर्षं ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून त्याच मळ्यावर राबणं भाग होतं. जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाने चार वर्षांत नवीन काय शिकायचं, हे ठरवणाऱ्यालाच माहीत. १८३९ मध्ये ती मुदत संपली आणि बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मळेवाल्यांनी सोय आधीच केली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छोटा नागपूरकडचे ३६ मजूर कलकत्त्याहून येऊन पोचले होते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बरीचशी बिहारच्या भोजपुरी पट्ट्यातली, त्याखालोखाल मद्रासकडची तामिळ-तेलुगू, आणि मुंबई बंदरातून कोकणातली. रत्नागिरी-सावंतवाडीच्या या लोकांना तिथे ‘बॉम्बाय’ म्हणत. १८६१ च्या जनगणनेत बेटावर साठ टक्क्यांहून जास्त लोक भारतीय होते. म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या आत एका देशाची लोकसंख्या मुळापासून बदलली, आणि तीही साखरेच्या भावासाठी.

आता वही. १८४६ च्या जनगणनेत तीन मुख्य रकाने होते: ‘सर्वसाधारण लोक’, ‘माजी शिकाऊ’ म्हणजे सुटलेले गुलाम, आणि ‘भारतीय’. पुढच्या काही मोजण्यांत ‘माजी शिकाऊ’ हा रकाना नाहीसा झाला. ती माणसं ‘सर्वसाधारण लोकां’त घातली गेली. वरवर पाहता ही प्रगतीच. कपाळावरचा गुलामगिरीचा डाग पुसला. पण त्या एका फेरफाराने मळ्याचा फ्रेंच मालक आणि त्याच मळ्यावर चाबूक खाल्लेला माणूस एका रकान्यात आले. दोघांचे नातू-पणतू आजही तिथेच आहेत. या रकान्याची सरासरी काढली तर शेतजमीन, साखर कारखाने, बँका यांतला वाटा भरभक्कम दिसतो. तो ज्यांचा आहे ते मूठभर गोरे. किनाऱ्यावर मासेमारी करणारा क्रिओल त्या सरासरीत श्रीमंत ठरतो.

गुलामीच्या वारशाचा हिशेब लागत नव्हता तो यामुळेच. १९९३ मध्ये एका क्रिओल धर्मगुरूंनी ‘क्रिओल अस्वस्थता’ हा शब्दप्रयोग केला तेव्हा पहिल्यांदा या वेदनेला नाव मिळालं. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि दंगली उसळल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, २००९ मध्ये, सरकारने सत्य आणि न्याय आयोग नेमला. गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोन्हींचे आजवरचे परिणाम शोधणं हे त्याचं काम. २०११ मध्ये अहवाल आला. क्रिओल कुटुंबांच्या जमिनी कशा हातच्या गेल्या याची प्रकरणं त्याला एकेक करून उकरावी लागली. उलट बाजूला भारतीय मजुरांच्या वंशजांना एक संधी मिळाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचा भाव पडला तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या, आणि पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांतून त्या भारतीयांनी घेतल्या. तिथून छोटे शेतकरी, गावं, शाळामास्तर, वकील आणि अखेर पंतप्रधान. हे कष्टाचं फळ आहे, यात शंका नाही. पण करार संपलेल्या मजुराची आणि गुलामीतून सुटलेल्याची सुरुवात एकाच रेषेवरून झाली नव्हती, हेही तितकंच खरं.

भारतीयांचा रकानाही एकसंध राहिला नाही. १९५२ पर्यंत जनगणना ‘इंडो-मॉरिशियन’ असं सरसकट लिहीत असे. १९६२ मध्ये हिंदू आणि मुसलमान वेगळे झाले. मधल्या दहा वर्षांत कुणाच्या रक्तात काही बदललं नव्हतं. बदललं होतं मताचं मोल. १९४८ मध्ये कुठल्याही भाषेत साक्षर असलेल्याला मत मिळालं आणि मतदार बारा हजारांच्या आतून बहात्तर हजारांच्या घरात गेले. वासुदेव विष्णुदयाळ यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरून मजुरांना सही शिकवत होते ती याच मतासाठी. १९५९ मध्ये मताधिकार सर्वांना मिळाला. आता डोक्यांची बेरीज म्हणजे सत्ता. स्वातंत्र्य आलं तर हिंदू बहुमताचं राज्य येईल, ही भीती इतरांना वाटू लागली. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या बाजूला ५५ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि विरोधात ४४. स्वातंत्र्याला इतक्या लोकांनी ‘नको’ म्हटल्याचं उदाहरण आपल्याला सहज पटत नाही, पण तसं झालं. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत क्रिओल-मुसलमान दंगल झाली, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. त्यानंतर दोन महिन्यांत, १२ मार्चला, म्हणजे गांधींच्या दांडी यात्रेचा दिवस मुद्दाम निवडून, देश स्वतंत्र झाला.

त्या भीतीवर तोडगा म्हणून राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात एक विलक्षण वाक्य घातलं गेलं. मॉरिशसच्या लोकसंख्येत हिंदू, मुस्लिम आणि चिनी-मॉरिशियन असे तीन समाज आहेत असं धरावं. आणि ‘राहणीवरून’ जो या तिन्हींपैकी कुठल्याच समाजाचा वाटत नाही, तो सर्वसाधारण लोकांपैकी, म्हणजे चौथ्या समाजाचा समजावा. दोन समाज धर्मावरून, तिसरा पूर्वजांच्या देशावरून, आणि चौथा उरलासुरला. चिनी दुकानदारांचे बहुसंख्य वंशज कॅथलिक आहेत, ते चर्चमध्ये क्रिओलांच्या शेजारी बसतात, पण समाज वेगळा. आणि ‘राहणी’ म्हणजे काय? नेसणं, जेवण, लग्न लागतं ती पद्धत, की शनिवारी संध्याकाळी ऐकायची गाणी? त्याबद्दल वाद झाला तर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश निर्णय देणार. निवडणुकीचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने आपला समाज जाहीर करायचा. नाही केला तर अर्ज बाद.

हे सगळं कशासाठी, तर ‘बेस्ट लूझर’ जागांसाठी. मॉरिशस बेटावर वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन सदस्य, रॉड्रिग्ज बेटाचे दोन, असे ६२ निवडून येतात. मग हरलेल्यांपैकी आठ जणांना आत घेता येतं. कोणत्या समाजाला किती जागा मिळाल्या ते मोजायचं. त्या समाजाच्या लोकसंख्येला मिळालेल्या जागा अधिक एक या आकड्याने भागायचं. उत्तर ज्याचं सर्वात मोठं, त्या समाजातला सर्वाधिक मतं मिळवलेला पराभूत उमेदवार सभागृहात जातो. पहिल्या चार जागा अशा, पुढच्या चार पक्षांचा तोल सांभाळून. गणित म्हणून सुबक आहे. पण त्यात भाज्य कुठलं? १९७२ सालचं.

कारण १९८२ मध्ये ‘एकच जनता, एकच राष्ट्र’ असं म्हणत आलेल्या सरकारने जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढून टाकला. हेतू चांगला होता. पण जागांचं गणित मात्र काढलं नाही. उलट घटनेतच लिहिलं की आकडे १९७२ चे धरावेत. सव्वाआठ लाख लोकांच्या मोजणीत हिंदू निम्म्याहून थोडे जास्त, सर्वसाधारण २८-२९ टक्के, मुसलमान साडेसोळाच्या आसपास, चिनी तीन टक्क्यांच्या आत. ताप मोजणं बंद केलं आणि औषध जुन्या तापावर चालू ठेवलं, असा हा प्रकार. त्या मोजणीच्या वेळी जन्मलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली. चिनी वंशाचे कित्येक तरुण परदेशी गेले. मिश्र लग्नं झाली. आकडा जागचा हलला नाही.

आपण यावर फार हसू नये. मंडल आयोगाने इतर मागासवर्गीयांची टक्केवारी काढली ती १९३१ च्या जनगणनेवरून, आणि जातींची पूर्ण मोजणी त्यानंतर नव्वद वर्षं आपण केली नाही.

२०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने मॉरिशसच्या काही तरुण कार्यकर्त्यांच्या तक्रारीवर मत दिलं: ताजे आकडे नसताना उमेदवाराला समाज जाहीर करायला लावणं हा निवडणूक लढवण्याच्या हक्काचा भंग आहे. २०१४ मध्ये सरकारने तात्पुरती सूट दिली, तेवढ्या एका निवडणुकीपुरती. नंतर पुन्हा जैसे थे. कारण उघड आहे. नियम ठेवायचा तर नवी मोजणी हवी, आणि नव्या मोजणीला सगळे पक्ष घाबरतात. नियम काढायचा तर तीन चतुर्थांश बहुमत हवं, आणि अल्पसंख्याकांची मतं गमावायची भीती.

या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही एक भक्कम पुरावा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन वेळा विजयी आघाडीने मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. २०२४ मध्ये बेटावरचा विरोधी पक्ष सभागृहात पोचला तोच मुळी बेस्ट लूझरच्या दारातून. विरोधी पक्षनेताही त्याच दारातून आला. १९६८ च्या दंगलीनंतर त्या प्रमाणावर हिंदू-मुसलमान वा क्रिओल-मुसलमान रक्तपात झाला नाही, यातही या आठ जागांनी दिलेल्या खात्रीचा वाटा असेल. मी तो नाकारत नाही. पण विरोधी पक्ष वाचवायचा असेल तर त्यासाठी माणसाची राहणी तपासायला नको, मतं मोजली तरी पुरे. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्येच सुचवलं होतं की सध्याच्या ६२ जागांत पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात ३० जागांची भर घाला. साठ-शून्याचा निकाल लागला तरी साठ-पासष्ट टक्के मतं घेतलेली आघाडी सगळं सभागृह गिळू शकली नसती. ती शिफारस दप्तरात पडून आहे.

मोजणी मात्र पुन्हा करायला हवी असं मला वाटतं, आणि इथे ‘रकानेच नकोत’ म्हणणाऱ्या पुरोगामी मित्रांशी माझं जमत नाही. न मोजल्याने गुलामीचा वारसा दिसेनासा झाला, हे १८४६ नंतरच्या त्या एका पुसलेल्या रकान्याने दाखवलं आहे. मोजा, पण माणसाला एकाहून अधिक उत्तरं लिहू द्या, आणि त्या उत्तरांशेजारी जमीन, शिक्षण, नोकरी, घर यांचे प्रश्न ठेवा. आकडा आमदारकीसाठी नको, शाळा कुठे हवी आहे हे कळण्यासाठी हवा. सध्याच्या जनगणनेत पूर्वजांची भाषा विचारली जाते तेव्हा काय होतं पाहा. १९८३ मध्ये बऱ्याच मुसलमानांनी अरबी लिहिली. त्यांचे पूर्वज बिहारचे, थोडे गुजरातचे. धर्माच्या उत्तरांत ‘तामिळ’, ‘तेलुगू’ आणि ‘मराठी’ अशी उत्तरंही नोंदली जातात. होय, मराठी, धर्म म्हणून. हे अज्ञान नाही. अनुदान, सांस्कृतिक केंद्र, मंत्रिमंडळातली एखादी खुर्ची ही सगळी समाजाच्या नावाने वाटली जातात, तेव्हा वेगळं नाव हाच शहाणपणा ठरतो.

तिथल्या मराठी माणसांबद्दल मला माया आहे, ती लपवत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून गेलेल्यांच्या पोरांनी जाखडी नाच ‘झाकरी’ म्हणून सांभाळला. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. काळ्या नदीच्या जिल्ह्यात कास्कावेलसारख्या गावी गणपती बसतो, आणि त्याच जिल्ह्यात समुद्रात घुसलेला ल मोर्न पर्वत उभा आहे. पळालेले गुलाम त्याच्या कड्यांत लपत. तो २००८ मध्ये जागतिक वारसा झाला. करारबद्ध मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट त्याच्या दोन वर्षं आधी. आपले पाहुणे तिथे जातात तेव्हा घाटावर फुलं वाहतात, ‘तुम्ही आमचेच’ म्हणून भाषण करतात, शिवरायांच्या पुतळ्याला हार घालतात आणि परततात. ल मोर्नकडे गाडी वळत नाही.

२०१२ पासून तिथल्या प्राथमिक शाळेत क्रिओलही शिकवतात. स्वागतार्हच. पण वेळापत्रकात तिला जागा मिळाली ती हिंदी, उर्दू, तामिळ, मराठी यांच्याच तासाला, पर्याय म्हणून. म्हणजे आई कास्कावेलच्या मराठी घरातली आणि वडील ल मोर्नखालच्या मच्छीमारांतले असतील, तर त्या मुलाने त्या तासाला एकाच वर्गात बसायचं. मधल्या सुट्टीत मात्र दोन्ही वर्गांतली पोरं क्रिओलमध्येच भांडतात.